पाण्याच्या गाडीला मोठी चाकं

चंद्राबाईच्या माहेरी एकच बैल होता. कोळवण खोऱ्यातलं घर, पोटापुरती शेती, दुसरा बैल शेजाऱ्याचा. दोघांचा वारंगुळा. जोडी जमायची खरी, पण आधी शेजाऱ्याचं रान नांगरून व्हायचं आणि मग यांच्या वाट्याला बैल यायचे. लहानगी चंद्रा बांधावर बसून आपला बैल दुसऱ्याच्या रानात राबताना बघायची. तेव्हा तिच्या पोटात जे काही बसलं, ते पुढं कधी उठलंच नाही. मैत्रिणीच्या परकराला काठ रुंद दिसला तरी तिला जेवण गोड लागायचं नाही. बाई वाईट नव्हती. कुणाच्या दारात जाऊन भांडली नाही, कुणाचं वाटोळं चिंतलं नाही. फक्त दुसऱ्याचं चांगलं झालेलं तिला गिळता यायचं नाही.

लग्न होऊन ती चांद्याजवळच्या वाडीत आली तेव्हा मात्र तिला वाटलं, देवानं सगळी भरपाई केली. सासरी घरची बैलजोडी होती, आणि घर थोरल्या पातीचं. वाडीत एकाच मूळपुरुषाच्या दोन पाती नांदत होत्या, थोरली आणि धाकटी. थोरलीकडं पाण्याचा मान होता.

हा मान असा. चैत्रात नाथसाहेबांची जत्रा भरते. त्या दिवशी देवाला आंघोळ घालायला मुळेचं पाणी आणायचं ते थोरल्या पातीच्या सुनेनं. तिनं अनवाणी नदीत उतरायचं, घागर भरायची आणि आपल्या हातानं डोक्यावर घ्यायची. तिथून देवळाच्या पायरीपर्यंत घागर खाली टेकवायची नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही आणि कुणी तिला शिवायचं नाही. नवऱ्यानंसुद्धा नाही. नदीवरून तिला आणायचं ते थोरल्या पातीच्याच छकड्यातून. छकड्यात ती उभी, डोक्यावर घागर, पुढं ढोल-लेझीम. लांबच्या रानातली माणसंसुद्धा बघून हात जोडत.

पहिल्या वर्षी छकड्यात उभी राहिली तेव्हा चंद्राबाईला खाली सगळ्यांची डोकी दिसली. पदर, पागोटी, टोप्या. बांधावर बसलेली ती पोर आता सगळ्यांच्या वर होती. पुढं संसारात काय कमी-जास्त झालं तरी वर्षातला तेवढा एक दिवस तिला पुरायचा.

हळूहळू वाडीतले बैल गेले. हिंजवडीला कंपन्या आल्या, रस्त्यानं कंपनीच्या गाड्या धावू लागल्या आणि चंद्राबाईच्या नवऱ्यानं, विश्रामनं, गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या काढल्या. बैल विकून त्यानं एक जुनी उघडी जीप घेतली. गावकी बसली, गावकीचे म्होरके विठ्ठलराव यांनी विषय काढला, गुरवानं देवाला कौल लावला, आणि छकड्याच्या जागी जीप चालेल असं ठरलं. जीप ठेंगणी होती. मागची फळी पाडली की घागरीसकट सहज पाऊल टाकून वर जाता यायचं. चंद्राबाई मागं उभी राहायची. छकड्यापेक्षा थोडं खाली वाटायचं, पण मान तो मान.

सन दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर धाकट्या पातीच्या शेखरनं नदीकडचं रान विकलं आणि दारात एक जीप आणून उभी केली. तीही उघडीच, पण काय ती जीप. टायर असे की आडवे पाडले तर वर चार पाहुण्यांची पंगत बसावी. बॉडी उंच उचललेली, पुढं चकचकीत पाइप, वर दिव्यांची रांग. शेखरची बायको साधना शेजारी बसून जाऊ लागली की तिचा पदर चंद्राबाईच्या ओसरीच्या कठड्याच्या वरून जायचा. साधना हात करायची.

"आक्का, पौडला चाललोय, काय आणायचं का?"

"काय नको," असं म्हणून चंद्राबाई आत जायची आणि भाकरी जरा जोरातच थापायची.

"भाकरीनं काय घोडं मारलंय तुजं?" सासू धोंडाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या विचारायची.

जळफळाटापर्यंत गोष्ट राहिली असती तर जिरलीही असती. पण पौषात पारावर विठ्ठलराव सहज बोलून गेले, "मान थोरल्या सुनेचा, त्यात वाद न्हाई. पर गाडी कुणाची, ते यंदा बघून ठरवू. शेखरची जीप देवाला शोभल."

विश्रामनं घरी येऊन ते सांगितलं. चंद्राबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. शेखरच्या जीपमध्ये उभं राहायचं. म्हणजे घागर आपली, डोकं आपलं, आणि वर चढवणारी साधना. लोक म्हणणार, धाकट्या पातीनं थोरलीला आणली. पुन्हा तोच वारंगुळा.

"तुमी काय बोलला मग?"

"मी काय बोलनार? तंबाखू मळत हुतो."

संक्रांतीला साधनाकडं हळदीकुंकू होतं. चंद्राबाई नवी साडी नेसून गेली. जीप अंगणात उभी होती. बायका आत गेल्याचं बघून ती चाकापाशी वाकली आणि वितीनं चाक मोजू लागली. मग अंग सावरून उभी राहिली, मडगार्ड आपल्या कमरेला कुठं लागतं ते बघितलं, निऱ्यांच्या गाठीच्या जरा वर. पुन्हा वाकली तेवढ्यात साधना दारात आली.

"आक्का, काय हरवलं का?"

"जोडवं सैल झालंय."

"थांबा, मी दाबून देते." आणि साधना खरंच खाली बसली, चंद्राबाईचा पाय मांडीवर घेऊन तिनं चांगलं घट्ट असलेलं जोडवं आणखी घट्ट करून दिलं. बोट दोन दिवस ठणकलं. ठणकलं की चंद्राबाईला चाक आठवायचं.

तिनं विश्रामच्या मागं लकडा लावला. आपल्या जीपला पण तसलीच चाकं घाला, जत्रेच्या आत. विश्राम मवाळ माणूस. आधी हसला, मग चिडला, मग चार दिवस अबोला झाला, आणि पाचव्या दिवशी दोघं जीप घेऊन भुकूमला जनार्दन मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभे होते.

जनार्दननं ऐकून घेतलं आणि जीपच्या पोटाखाली सरकला. खालूनच बोलू लागला, "दादा, चाकं घालतो. मला काय. पर मोठं चाक घातलं की ते वळताना मडगार्डाला घासतंय. घासू नये म्हणून पाटे वाढवून बॉडी उचलायची. बॉडी उचलली की शॉकअप तोकडं पडत्यात, ते बदलायचं. मग स्टेअरिंग जड हुतंय. एकाला हात लावला की दुसरं रडतंय. भावकीवानी असतंय गाडीचं."

"लावा सगळ्याला हात," चंद्राबाई म्हणाली.

आठवडाभर जीप जॅकवर होती. चंद्राबाई एकदा बघायला आली. चाकं उतरवलेली, चारी बाजूंनी लोंबकळणारे पाटे, तेलानं काळे झालेले. एकेका पाट्यात लोखंडी पानं एकाखाली एक रचलेली होती, खालचं आखूड, वरचं लांब. जनार्दननं त्यात दोन नवीन पानं घातली, मोठ्या बोल्टांनी आवळली आणि नवी चाकं चढवली. जीप जॅकवरून खाली आली तरी खाली आल्यासारखी वाटेना.

चंद्राबाईनं तिथंच वीत लावली. शेखरच्या जीपपेक्षा दोन बोटं जास्तच भरलं. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते बघून जनार्दन म्हणाला, "वैनी, मागं एक पायरी लावून देऊ का? चढायला उंच पडंल."

"पायरी म्हाताऱ्यांना लागती," ती म्हणाली. तिनं पदर खोचला, एका हातानं पाइप धरला, दुसरा हात विश्रामच्या हातात दिला आणि एका झोक्यात वर गेली. वरून तिनं शेडकडं बघितलं. पत्र्यावर वाळत घातलेल्या जनार्दनच्या बनियनचं भोक दिसत होतं. इतकी ती वर होती.

जीप घरी आली. रस्त्याला ती डुलायची, खड्ड्यात सगळ्यांना उडवायची, आणि वळायला विश्रामला दोन्ही खांद्यांचा जोर लागायचा. धोंडाबाई एकदा बघून गेली, तिनं बसायचं नाव काढलं नाही.

"चाक मोठं झालं म्हणून बाई मोठी हुती व्हय गं चंद्रे?"

"आत्याबाई, देवासाठी केलंय."

"देवाचं नाव कशाला घेतीस," म्हातारी म्हणाली आणि काठी टेकत आत गेली.

गावकी बसली तेव्हा दोन्ही जीपा पारापाशी शेजारी शेजारी उभ्या केल्या. विठ्ठलरावांनी दोन्हीकडं बघितलं, टोपी काढून डोकं खाजवलं. आता दोन्ही सारख्याच, मग जुना मान मोडायचं कारण उरत नव्हतं. "गाडी थोरल्या पातीचीच," ते म्हणाले. शेखर हसून म्हणाला, "तात्या, माझी मागनं येईल बाया घेऊन, चालंल का?" सगळे चालेल म्हणाले. चंद्राबाई भिंतीआड उभी राहून ऐकत होती. त्या रात्री तिला फार दिवसांनी शांत झोप लागली.

जत्रेच्या दिवशी पहाटेच उठून तिनं न्हाणं केलं, देवापाशी दिवा लावला. जीपला झेंडूच्या माळा बांधल्या, मोठ्या चाकांना हळदीकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. ढोलवाली मंडळी उशिरा आली, त्यामुळं नदीवर पोचेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. धारेपासून थोड्या अंतरावर, जिथं वाळू संपून घट्ट वाट लागते, तिथं विश्रामनं जीप तोंड फिरवून लावली. मागं शेखरची जीप, तिच्यात साधना आणि चार बायका, पायापाशी पाण्याच्या बाटल्या.

चंद्राबाई नदीत उतरली. गुडघाभर पाण्यात उभं राहून तिनं घागर बुडवली, नाथसाहेबांचं नाव मनात घेतलं आणि चुंबळीवर घागर ठेवली. पाणी गार होतं, घागर जड होती, आणि आपण चांगली बाई आहोत असं तिला त्या घडीला मनापासून वाटत होतं. ढोल सुरू झाले. ती जीपच्या मागं येऊन उभी राहिली. विश्रामनं फळी पाडली.

फळी तिच्या मांडीला लागत होती.

तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. भुकूमला ती चढली तेव्हा एक हात पाइपला होता आणि एक नवऱ्याच्या हातात. आता एक हात घागरीला आणि नवऱ्यानं शिवायचं नाही. जुनी जीप इतकी ठेंगणी होती की इतक्या वर्षांत चढण्याचा विचार कधी करावाच लागला नव्हता. छकड्याचं तर काय, बैल सोडून दांडी वर केली की मागलं तोंड जमिनीला टेकायचं.

तिनं ओली साडी आवरून पाय उचलला. पाऊल फळीपर्यंत गेलं, पण अंग उचलेना. घागर कलली आणि पाणी मानेवरून पाठीत उतरलं. तिनं पाय खाली घेतला. ढोलवाला बघत होता, पण हात थांबत नव्हते. दुसऱ्यांदा तिनं गुडघा टेकवून बघितला, तर साडी आवळली आणि आणखी पाणी गेलं. विश्रामचे दोन्ही हात पुढं आले आणि हवेतच थांबले.

"दगड आना एखादा," कुणीतरी म्हणालं.

एक दगड आणला, तो नीट टेकेना, डुगडुगू लागला. विठ्ठलराव म्हणाले, "नको, पडंल ती."

मागून खटकन आवाज झाला. शेखरनं आपल्या जीपखालून घडीची पायरी ओढून खाली सोडली होती. लोखंडी, रुंद, दोन टप्प्यांची. चाकं वितीनं मोजताना चंद्राबाईनं गाडीखाली डोकावून ती कधी बघितलीच नव्हती.

"वैनी, हितनं चढा," शेखर म्हणाला. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. "देवाचं पानी हाय, कुनाची गाडी ते नंतर बघू."

साधना खाली उतरून बाजूला झाली होती, जागा करून. सगळे वाट बघत होते. बोलायचं नाही हा नियम नसता तरी चंद्राबाई काय बोलली असती कोण जाणे. तिनं त्या पायरीकडं बघितलं. दोन पावलं टाकली की वर उभं राहायला जागा होती, आणि मग थेट देऊळ. तिनं मान वळवली आणि रस्त्याला लागली.

विठ्ठलराव भानावर आले. "चालत निघाली. चला, वाट करा," त्यांनी ढोलवाल्यांना हाकललं.

देऊळ काही हाकेच्या अंतरावर नव्हतं. वाडीचा रस्ता नुकताच डांबरी झालेला, आणि चैत्राचं ऊन. पहिली काही पावलं ओल्या तळव्यांनी निभावली. मग चटके बसू लागले. ती कडेच्या मातीतून चालायला गेली तर तिथं खडी आणि काचा. परत डांबरावर आली. पुढून कंपनीच्या गाड्या येऊन थांबल्या होत्या, आतली माणसं काचेला नाक लावून बघत होती. मागं तिची स्वतःची उंच जीप, माळा घातलेली, रिकामी, डुलत डुलत येत होती.

वळणापाशी तिचं पाऊल अडखळलं. घागर डचमळली. आता पडणार असं तिला वाटलं, आणि त्यातही मनात आलं ते हेच, की साधना बघतेय.

तेवढ्यात डांबरावर पाण्याची धार पडली. साधना चपला काढून पुढं आली होती. हातात बाटली, आणि ती चंद्राबाईच्या पुढं पाठमोरी चालत रस्त्यावर पाणी ओतत होती. शिवायचं नाही, म्हणून हातभर अंतर राखून. एक बाटली संपली की मागच्या बाया दुसरी पुढं देत होत्या. डांबर चरचरत होतं आणि ओलं होत होतं.

चंद्राबाईनं ओल्यावर पाय ठेवला. तळव्याला जे बरं वाटलं ते सगळ्या अंगात गेलं, डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी पोटातला तो जुना काटा अशा जागी टोचला की ती कळ तिला डांबराच्या चटक्यापेक्षा जास्त झाली. हिला कुणी सांगितलं होतं? हिचा काय मान? हिच्या दारात गाडी असताना ही अनवाणी कशाला आली? पण पाऊल टाकायला दुसरी जागा नव्हती.

बाजूची म्हातारी माणसं साधनाच्या पुढं वाकू लागली. "देवाला पायघड्या घालतीय पोरगी," एक म्हातारी म्हणाली. दुसरीनं घरातून कळशी आणून साधनाच्या हातात दिली.

देवळाच्या पायरीवर घागर उतरवली तेव्हा ती अर्धीच भरलेली होती. गुरवानं ती आत नेली आणि नाथसाहेबांच्या डोक्यावर सगळी ओतली. "पुरलं," तो म्हणाला. चंद्राबाई खांबाला टेकून बसली. आता बोलायला मोकळीक होती. साधना जवळ आली, तिचे तळवे उलटे करून बघू लागली.

"लई भाजलं का आक्का?"

"न्हाई."

"खोटं बोलू नगा देवळात."

"मग इचारू नगं देवळात," चंद्राबाई म्हणाली. साधना हसली. तिला ती थट्टा वाटली.

संध्याकाळी पारावर गावकी बसली. विठ्ठलराव म्हणाले, असं पाणी गेल्या कित्येक वर्षांत आलं नव्हतं. आता गाडी नकोच. पाणी पायी यायचं. घागर थोरल्या पातीच्या सुनेची, आणि तिच्या पुढं रस्ता भिजवायचा मान धाकट्या पातीच्या सुनेचा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

विश्रामनं हे घरी येऊन सांगितलं. धोंडाबाईनं चुलीतले निखारे मागं ओढले. मग म्हणाली, "चार पिढ्या धाकट्या पातीला कसला मान नव्हता. तो तू दिलास चंद्रे. चाकं घालून."

 चंद्राबाई तळव्यांना खोबरेल लावत होती. विश्राम म्हणाला, "जनार्दनकडं जाऊन जुनी चाकं घालून आनू का?"

"राहू द्या," ती म्हणाली. "लोक काय म्हनतील."

दोन हजार दहाच्या जत्रेतही तसंच झालं. दोन्ही जीपा माळा घालून मागं, रिकाम्या. पुढं ढोल, मग साधना कळशी घेऊन रस्ता भिजवत, मग घागर घेतलेली चंद्राबाई. आता छकडा नाही, जीप नाही, त्यामुळं तिला खालची डोकी दिसत नाहीत. दिसते ती साधनाची पाठ आणि तिच्या टाचा. साधनाच्या टाचांना भेगा नाहीत हे तिनं पहिल्याच वर्षी बघून ठेवलं होतं.

वळणापाशी बाया साधनाच्या पायांवर हळदीकुंकू वाहायला पुढं आल्या, म्हणून साधना थांबली. तिच्यामागं थांबणं चंद्राबाईला सोसवेना. तिनं बाजूनं एक लांब पाऊल टाकलं, ओल्याच्या पलीकडं, साधनाच्या पुढं जायला. डांबराचा चर्रकन चटका बसला. ती मुकाट्यानं एक पाऊल मागं आली, आणि बायांचं आटोपेपर्यंत तेवढ्याच ओल्या जागेवर घागर सांभाळत, पाय आलटून पालटून टेकवत राहिली.